हळद, पूर आणि नकाशातला पिवळा

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीकरांचे दोन उद्योग सुरू होतात: आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारायचं आणि मोबाइलवर आलेले रंगीत नकाशे पुढं ढकलायचे. फुटांचं सोपं आहे. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ साली पाणी ५७ वर गेलं होतं, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. नकाशाचं तसं नाही. परवा गावभागातून आत्याचा फोन आला. "अरे, नकाशात आमची गल्ली नुसती पिवळीजर्द चमकतीय. सगळ्यात जास्त पाणी आमच्यातच येणार का रं?"

पाणी ५० फुटांवर गेलं तर कुठं किती खोल साचेल, याचा तो नकाशा होता. उथळ ते निळं, मग आकाशी, हिरवं, पिवळं, आणि सगळ्यात खोल ते लाल. म्हणजे आत्याची गल्ली लालच्या आधीची, नदीकाठापेक्षा कमी पाण्याची. तरी तिचा डोळा पिवळ्यावरच गेला, आणि यात तिची काही चूक नाही.

सौद्याच्या वेळी मार्केट यार्डात हळदीचा ढीग लांबूनच नजरेत भरतो ना, तेच इथं झालं. पडद्यावरचा पांढरा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून बनतो. पांढऱ्याचा उजळपणा १०० धरला, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७, कारण उजळपणा जोखताना आपला डोळा निळ्याला फारसा जमेतच धरत नाही. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा: ९३. आकाशी म्हणजे हिरवा अधिक निळा: ७९. आता पाणी वाढेल तसे आकडे वाचा: ७, ७९, ७२, ९३, २१. खोली सरळ चढतेय, पण उजेड चढतो, जरा उतरतो, परत चढतो आणि ऐन धोक्याच्या जागी कोसळतो!

मोबाइलमध्ये तो नकाशा ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. घोटाभर पाणी आणि पुरुषभर पाणी, दोन्ही काळपट.

यावरचा उपाय जरा किचकट आहे. उजेड दुप्पट केला म्हणून डोळ्याला दुप्पट वाटत नाही. १८ टक्केच प्रकाश परतवणारा करडा कागद आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर वाटतो. हा वाकडेपणा हिशेबात धरून १९७६ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानं 'लॅब' नावाची रंगमोजणी ठरवली. तिच्यात उजळपणाचा वेगळा अक्ष असतो आणि त्यावरची समान पावलं डोळ्याला साधारण समान वाटतात. याच धर्तीच्या मोजणीवर २०१५ साली 'विरिडिस' ही रंगपट्टी बेतली गेली: गडद जांभळ्यापासून निळ्या-हिरव्यातून पिवळ्यापर्यंत, सतत उजळत जाणारी. पिवळा तिथंही आहे, पण शेवटच्या पायरीवर. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यालाही ती वाचता येते.

आकड्यांना रंग माणूसच देतो.

आत्याला यातलं निम्मंही सांगितलं नाही. नकाशाच्या कोपऱ्यातली पट्टी मोठी करून बघितली आणि म्हणालो, "पाणी ५० वर गेलं तर तुमच्यात चार फूट."

"मग तसं सांग की," ती म्हणाली. "गव्हाची पोती माळ्यावर टाकायला लावते."