कार्बन भरपाईसाठी वृक्षलागवड (लहान व्यवसाय)

बेकरी, छापखाना, खानावळ, मंगल कार्यालय अशा व्यवसायांच्या इंधन-विजेमुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड झाडांच्या लाकडात व मुळांत साठवून भरून काढण्याची पद्धत. पुढील तपशील महाराष्ट्राच्या पठारी भागाला धरून आहे. भरपाई रोप लावल्याने होत नाही, ते जगून जाड झाल्याने होते. म्हणून खरे काम खड्डा बुजवल्यानंतर सुरू होते.

हिशेब : सुरुवात बारा महिन्यांच्या बिलांपासून करावी. १ लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, पेट्रोलमागे २.३ किलो, १ किलो एलपीजीमागे ३ किलो (म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमागे ५७ किलो) आणि विजेच्या एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला ८ सिलिंडर, १,५०० युनिट वीज आणि टेम्पोला १०० लिटर डिझेल लागणाऱ्या खानावळीचे उत्सर्जन वर्षाला सुमारे २१ टन होते. जनरेटरचे डिझेल बहुतेक वेळा सुटून जाते. लाकडाच्या भट्टीचे उत्सर्जन 'लाकूड पुन्हा उगवते' म्हणून शून्य मांडण्याची पद्धत आहे. पण लाकूड कुठून तोडून आणले हेच ठाऊक नसेल, तर ते शून्य खोटे आहे.

सर्वांत मोठी चूक झाडांची संख्या काढताना होते. 'एक झाड वर्षाला २० किलो शोषते' असे धरून २१ टनांना भागले, की १,०५० झाडे येतात आणि ती लावली की त्याच वर्षी हिशेब मिटला असे मानले जाते. प्रत्यक्षात कमरेएवढे रोप पहिली दोन-तीन वर्षे जवळजवळ काहीच साठवत नाही. हिशेब शेवटच्या साठ्यावरून करावा. वीस वर्षांनी ६३ सेंमी घेर आणि ९ मीटर उंची गाठलेल्या मध्यम घनतेच्या झाडाचे जमिनीवरचे सुके वजन सुमारे १३० किलो भरते. त्यात मुळांचे साधारण पाव वजन मिळवायचे, त्याचा ४७ टक्के भाग कार्बन धरायचा आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करण्यासाठी ३.६७ ने गुणायचे : सुमारे २८० किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका वर्षाच्या २१ टनांसाठी जगलेली ७५ झाडे, आणि सत्तर टक्के जगतील असे धरल्यास सुमारे ११० रोपे. पण हे एका वर्षाच्या बिलाचे झाले, आणि तेही वीस वर्षांत फिटणारे. धंदा वीस वर्षे असाच चालला तर १,५०० जिवंत झाडे लागतील. ५ × ५ मीटर अंतराने त्यांना नऊ एकरांहून अधिक जमीन हवी. त्यापेक्षा छतावरचा १ किलोवॉटचा सौर संच वर्षाला साधारण १ टन उत्सर्जन टाळतो. म्हणून आधी बिल कमी करावे आणि उरलेल्यासाठी झाडे लावावीत.

जागा व जाती : सातबारा पाहून मालकाची किमान वीस वर्षांसाठी लेखी संमती घ्यावी. सासवड, सुपे, बारामतीकडची माळराने पडीक दिसली तरी पडीक नसतात; लांडगा, चिंकारा, चंडोल यांचे ते घर आहे, तिथे झाडे लावणे म्हणजे नुकसान करणे. कडुनिंब, करंज, शिरीष, चिंच, आपटा, बहावा, ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ या जाती टिकतात. लवकर हिरवे दिसावे म्हणून लावलेले गिरिपुष्प आणि सुबाभूळ पुढे बाकीच्यांना डोके वर काढू देत नाहीत.

लागवड : ४५ ते ६० सेंमी लांब-रुंद-खोल खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत. वरची माती, ५ ते १० किलो कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरून, दोन चांगले पाऊस झाल्यावर तीन-चार फुटी रोप लावावे. पिशवी ब्लेडने उभी कापून काढावी आणि तळाशी गोल फिरलेली मुळे छाटावीत. समारंभात घाईने पिशवीसकट लावलेले रोप पावसाळाभर हिरवेगार असते आणि फेब्रुवारीत वाळते; उपटले की स्प्रिंगसारख्या वळलेल्या मुळांसह पिशवी हातात येते. कच्चे, न कुजलेले शेणखत वाळवीला आमंत्रण देते.

पुढची तीन वर्षे : पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला प्रत्येकी १० ते १५ लिटर पाणी, आळे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. टँकरचे डिझेलही हिशेबात धरावे. डिसेंबर-जानेवारीत गवत कापून भोवती जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढली नाही, तर वणवा एका दुपारी सगळे संपवतो. शेळ्यांपासून काटेरी कुंपण, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे) हे नेमाने करावे लागते.

मोजणी : जमिनीपासून १.३७ मीटरवर रंगाचा पट्टा मारून दरवर्षी तिथेच टेपने घेर मोजतात. क्रमांकाचा बिल्ला तारेने घट्ट बांधला तर दोन वर्षांत तार खोडात रुतते आणि झाड वाऱ्याने तिथेच मोडते. तार सैल ठेवून दरवर्षी पाहावी. मेलेले झाड यादीतून वजा करावे. वृक्षतोडीच्या परवानगीपोटी सक्तीने लावलेली झाडे ऐच्छिक भरपाईत धरता येत नाहीत, आणि एकच झाड दोघांच्या नावावर चढलेले नाही ना, हेही तपासावे.

दावा : एक कार्बन क्रेडिट म्हणजे टाळलेल्या किंवा साठवलेल्या १ टन कार्बन डायऑक्साइडचे विकता येणारे प्रमाणपत्र; वीस-बावीस टनांसाठी नोंदणी व पडताळणीचा खर्च लहान व्यवसायाला परवडत नाही, त्यामुळे भरपाई बहुधा स्वघोषितच राहते. २०२३ पासूनचे केंद्र सरकारचे ग्रीन क्रेडिट (वृक्षलागवडीसारख्या पर्यावरणपूरक कामाबद्दल मिळणारे क्रेडिट) ही वेगळी गोष्ट असून त्याची गल्लत करू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यावरणविषयक दाव्याला पडताळता येईल असा पुरावा लागतो. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर 'कार्बन न्यूट्रल' (म्हणजे सगळे उत्सर्जन भरून निघाले) असे लिहिण्याऐवजी वर्षाचे उत्सर्जन, लावलेली रोपे आणि आज जिवंत असलेली झाडे हे तीन आकडे तारखेसह लिहावेत.