स्वीट कॉर्न (मधुमका) : बेळगाव सीमाभागातील लागवड

स्वीट कॉर्न : (मधुमका, गोड मका, कन्नडमध्ये सिहि मेक्केजोळ). गवत कुलातील झिया मेज या जातीचा, कोवळ्या कणसांसाठी लावला जाणारा प्रकार. दाणे दुधाळ असतानाच कणीस तोडतात, त्यामुळे हे पीक धान्यापेक्षा भाजीपाल्याच्या अधिक जवळचे आहे. बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यात, म्हणजे खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, कागवाड आणि अथणी या तालुक्यांत, साधा मका जुना आणि सर्वपरिचित आहे. स्वीट कॉर्न त्यामानाने अलीकडचे. दोन्ही पिके एकाच शिवारात आल्यामुळे स्वीट कॉर्नच्या पेरणीची तारीख पावसाइतकीच बांधापलीकडच्या मक्यावरूनही ठरवावी लागते.

उगम व प्रसार : मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे हे मेक्सिकोतील गवत आहे, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. नैर्ऋत्य मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी ते माणसाळवले गेले असावे. भारतात मका सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आला, हे सर्वसाधारण मत. बेळगाव पठारावर तो गोव्याकडून घाट चढून आला असावा, असा तर्क भूगोलाला धरून आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी १५०० ते १९०० या काळातील भारतातील मक्याच्या उल्लेखांचा मागोवा घेतला होता.

या मताला कर्नाटकातूनच एक आव्हान मिळाले. सोमनाथपूर येथील होयसळकालीन केशव मंदिरात (१२५८, काहींच्या मते १२६८) अनेक मूर्तींच्या हातात निमुळते, दाण्यांच्या ओळी असलेले फळ कोरलेले आहे. कार्ल जोहानेसन आणि अ‍ॅन पार्कर यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादन केले की ही मक्याची कणसे आहेत, आणि म्हणून कोलंबसापूर्वीच मका भारतात पोचला होता. दाण्यांची मांडणी, टोकाचा निमुळतेपणा आणि आकारांतील वैविध्य हा त्यांचा आधार होता. पायक आणि सचान या भारतीय मका-अभ्यासकांनी १९९३ मध्ये ते खोडून काढले. त्यांच्या मते हे मोत्यांनी मढवलेले काल्पनिक मुक्ताफळ आहे. शिल्पातील साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे, हे मान्य करावे लागते. तथापि त्या काळातील मक्याचे दाणे किंवा कणसे यांचा सर्वमान्य उत्खनित पुरावा दक्षिणेत मिळालेला नसताना केवळ शिल्पावर एवढा मोठा निष्कर्ष उभा करणे कठीण आहे. मुक्ताफळाचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

गोड दाण्याचा इतिहास याहून वेगळा आहे. गोडी हे मक्यातील एका उत्परिवर्तनाचे (जनुकात आपोआप झालेल्या बदलाचे) फळ असून असे उत्परिवर्तन अमेरिका खंडांत वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाले, असे जनुकांच्या तुलनेवरून दिसते. पेरूमधील चुल्पी हा गोड मका त्या खंडातील जुन्या प्रकारांत मोडतो. उत्तर अमेरिकेत १७७९ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, जनरल सलिव्हनच्या मोहिमेतील एका सैनिकाने इरोक्वॉय या मूळ रहिवासी लोकांकडून ‘पापून’ नावाचा गोड मका आणला, ही हकिगत अनेक ग्रंथांत उद्धृत होते. ती खरी धरली, तरी इरोक्वॉय लोक तो त्याआधी किती काळ पिकवत होते, हे तिच्यावरून ठरत नाही. पिवळ्या दाण्याला बाजारात मान मिळाला तो १९०२ मध्ये बर्पी या अमेरिकी बियाणे विक्रेत्यांनी विक्रीला आणलेल्या ‘गोल्डन बॅंटम’ या वाणामुळे.

गोडीचे कारण : साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होत जातो. जुन्या गोड वाणांत ‘शुगरी-१’ हे जनुक निकामी असते. त्यामुळे स्टार्चची घडण बिघडते, साखर काहीशी टिकते आणि फायटोग्लायकोजेन हे पाण्यात विरघळणारे कर्बोदक साचते. अशा दाण्याला सायीसारखा दाटपणा येतो. ‘श्रंकन-२’ या जनुकाच्या उत्परिवर्तनात अडथळा आणखी आधी येतो. स्टार्च बनवण्यासाठी लागणारा मूळ घटकच पुरेसा तयार होत नाही, म्हणून साखर शुगरी वाणांच्या दुप्पट-तिप्पट राहते. हा गुण भाजीच्या मक्यासाठी उपयोगी आहे, हे इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी १९५३ मध्ये मांडले. आज बाजारात ‘सुपर स्वीट’ म्हणून येणारे संकरित वाण बहुतांशी याच घराण्यातले. भारतात माधुरी आणि प्रिया हे संमिश्र वाण आधी प्रसारित झाले. पुढे शुगर-७५ सारख्या खासगी संकरित वाणांनी बाजार व्यापला.

श्रंकन-२ च्या बियाण्यात स्टार्च कमी असल्याने दाणा सुरकुतलेला, हलका, चिमटल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा पुडी फोडणाऱ्याला ते पोचट बी वाटते. ते पोचट नसते, या वाणांचे बी दिसतेच तसे. पण कोंबाला जमिनीबाहेर येईपर्यंत पुरणारी शिदोरी त्यात थोडी असते. पेरणीतील बहुतेक काळज्या या एका गोष्टीतून निघतात.

परागाचा प्रश्न : मक्याचा तुरा नर, कणीस मादी. कणसाच्या प्रत्येक केसराच्या (टोकातून बाहेर येणाऱ्या रेशमी धाग्याच्या) मुळाशी एक दाणा असतो आणि त्या केसरावर पडलेला पराग त्या दाण्याचा पोत तत्काळ ठरवतो. शेजारच्या साध्या मक्याचा पराग आला, की गोड वाणाच्या कणसात तो दाणा फुगीर, पिठूळ आणि बेचव भरतो. आई गोड असली तरी उपयोग नसतो. याहून चकवणारी बाब म्हणजे शुगरी आणि श्रंकन-२ हे दोन्ही गोड वाण जवळजवळ लावले, तरी एकमेकांच्या परागाने दोहोंत पिठूळ दाणे धरतात. प्रत्येकाकडे दुसऱ्यातले निकामी जनुक धडधाकट असते, त्यामुळे स्टार्चची वाट पुन्हा मोकळी होते.

यावर उपाय दोनच. एक तर इतर मक्यापासून २०० ते ४०० मीटर अंतर ठेवावे, नाहीतर पेरणीत किमान दोन, शक्य तर तीन आठवड्यांचा फरक ठेवावा, म्हणजे दोन्हींचे तुरे एकाच वेळी येणार नाहीत. सीमाभागातील तुकड्या-तुकड्यांच्या जमीनधारणेत ४०० मीटर मोकळे रान बहुतेकांना मिळत नाही, म्हणून वेळेचे अंतर हाच व्यवहार्य मार्ग. येथे वैरणीच्या मक्याकडे हमखास दुर्लक्ष होते. गोठ्यासाठी बांधालगत लावलेला ‘आफ्रिकन टॉल’ तुरा येण्याआधी कापला तर त्रास नाही. कापणी लांबली तर तोही पराग उधळतो. पेरणीआधी शेजाऱ्याला ‘तुमचा मका कधी टाकला?’ एवढे विचारणे कोणत्याही खतापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

जमीन व हवामान : पश्चिमेकडे, खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या घाटालगतच्या भागात, तांबडी माती आणि मुसळधार पाऊस, कणकुंबीच्या बाजूस तर पावसाळाभर वाफसा (मशागतीजोगी ओल) क्वचितच येतो. पूर्वेकडे अथणीपर्यंत जमीन काळी होत जाते आणि पाऊस बराच घटतो. मधल्या पट्ट्यात वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांच्या काठी विहिरी व उपसा सिंचनावर बारमाही पिके होतात. मध्यम ते भारी, पण पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. पहिल्या वीस दिवसांत मुळाशी पाणी साचले तर रोप पिवळे पडते आणि नंतर सावरत नाही.

पेरणीचा काळ : हंगाम तीन. खरिपात साधा मका मृगापासून आर्द्रा-पुनर्वसूपर्यंत पेरला जातो. स्वीट कॉर्नसाठी विहिरीचे पाणी असल्यास रोहिणीत, मेअखेरीस, वळिवाच्या ओलीवर टोकण करणे उत्तम. त्याचा तुरा जुलैच्या मध्यास येतो, तेव्हा शिवारातला बाकीचा मका अजून गुडघाभर असतो. पाणी नसेल तर उलट, जुलैअखेरपर्यंत थांबावे. घाटालगतच्या पाणथळ भागात खरीप टाळून भात निघाल्यावर पेरणे शहाणपणाचे. रब्बीची पेरणी ऑक्टोबरमध्ये, चित्रा ते स्वातीच्या सुरुवातीस उरकावी. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री थंडावतात, आणि जमिनीचे तापमान १६ अंशांच्या खाली गेले की सुपर स्वीट बी उगवण्याऐवजी कुजू लागते. उन्हाळी पेरणी जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू करून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपवावी, म्हणजे केसर मार्चअखेरीस बाहेर पडतात. एप्रिलच्या उन्हात, पारा ३५ अंशांवर आणि हवा कोरडी असताना, पराग मरतो व कणसे बोडकी राहतात. अथणीकडे हा धोका अधिक.

लागवड : नांगरट व कुळवणी झाल्यावर ६० किंवा ७५ सेंमी.वर सऱ्या पाडून २० सेंमी. अंतरावर टोकण करतात. ६० × २० सेंमी. अंतराने एकरी सुमारे ३३ हजार, तर ७५ × २० सेंमी.ने सुमारे २७ हजार रोपे बसतात. दाणा हलका असल्यामुळे एकरी ३ ते ४ किलो बी पुरते. खोली अडीच ते तीन सेंमी.पेक्षा जास्त नको. साध्या मक्याच्या सवयीने खोल टोकलेले बी निम्मे वर येत नाही. काळ्या मातीत पेरणीनंतर पापुद्रा धरतो, तेथे तीन-चार दिवसांनी आंबवणीचे (पेरणीनंतरचे दुसरे) हलके पाणी द्यावे. एक-दोन लांब ओळी बांधाकडेने लावण्याची पद्धत दिसते, ती चुकीची आहे. परागण वाऱ्याने होते, म्हणून तेवढीच रोपे किमान चार ओळींच्या चौरस पट्ट्यात लावल्यास कणसे टोकापर्यंत भरतात. सतत तोडा मिळावा म्हणून १० ते १५ दिवसांच्या अंतराने पट्टे टाकतात.

खतांबाबत सीमाभागातील शेतकऱ्यासमोर दोन राज्यांच्या शिफारशी असतात. महाराष्ट्रातील मराठी पुस्तिका हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद व ४० पालाश सांगतात. धारवाड कृषी विज्ञान विद्यापीठाच्या क्षेत्रात बागायती संकरित मक्यास नत्र १५० किलोपर्यंत देतात. पाण्याची सोय चांगली असेल तर दुसरी मात्रा आणि हलक्या रानात पहिली, असे धरण्यास हरकत नाही. नत्र तीन हप्त्यांत द्यावे : पेरणीवेळी, महिन्याने भर देताना आणि तुरा येण्याआधी. तुरा आणि केसर पडण्याच्या काळात पाण्याची पाळी चुकवू नये.

कीड व उपद्रव : अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम नोंदली गेली ती कर्नाटकातच, शिवमोग्गा येथे मे २०१८ मध्ये. डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके ही तिची खूण. ती पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) बसून खाते, म्हणून फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी थेट पोंग्यात करावी. सुरुवातीस निंबोळी अर्क, प्रादुर्भाव वाढल्यास इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक लिटरला ०.४ ग्रॅम. केसर दिसू लागले की रासायनिक फवारणी बंद ठेवावी, कारण हे कणीस तीन आठवड्यांत ताटात जाणार असते. दमट गारव्यात पानांवर लांबट करपा येतो. खानापूरच्या जंगलकाठी रानडुकरे आणि पोपट यांची राखण करावी लागते.

तोडणी : केसर बाहेर पडल्यापासून १८ ते २२ दिवसांनी कणीस तयार होते. केसर टोकाला तपकिरी होऊन वाळलेले, पण सोलपटाच्या तोंडाशी अजून ओलसर असावे. मधल्या दाण्यात नख रोवल्यास दूध उडते. सुपर स्वीट वाणात हे दूध साध्या मक्याइतके दाट कधीच होत नाही. दाटपणाची वाट पाहिल्यास साल चिवट होते. तोडणी पहाटे करावी. जुन्या शुगरी वाणांत ३० अंश तापमानाला एका दिवसात सुमारे ६० टक्के साखर नाहीशी होते, शून्य अंशाला फक्त ६ टक्के. श्रंकन-२ वाणांत हा वेग कमी असतो. तरीही पोती उन्हात थापून ठेवली की आतून तापतात. बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या भाजीच्या गाड्यांबरोबर माल पाठवायचा असल्यास तो सावलीत पसरून, थंड करूनच भरावा.

कणसे काढल्यावर ताटे हिरवीच असतात. ती लगेच कापून कुट्टी करून दुभत्या जनावरांना घालतात किंवा मुरघास करतात. दुधाचा जोडधंदा असलेल्या घरी ही वैरण उत्पन्नाचा मोठा भाग असते. रोहिणीतले पीक ऑगस्टच्या मध्यापर्यंत रान मोकळे करते. त्यानंतर मशागतीला पुरेसा अवधी मिळतो आणि हरभरा किंवा वाटाणा वेळेवर पेरता येतो.