मौन म्हणजे कबुली नव्हे

‘अमुक कलाकाराने समलैंगिक असल्याचं नाकारलं नाही, म्हणजे खरंच असणार,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आज एका प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं, की उद्याचं गप्प राहणं ‘हो’ ठरतं. म्हणून लैंगिक कल कोणताही असो, अनेक जण असल्या प्रश्नांना उत्तरच देत नाहीत. शिवाय खंडनाचीही बातमी होते आणि अफवा नव्याने पसरते.

पडताळायचं तर आधी त्या व्यक्तीचं स्वतःचं वाक्य शोधा, तारखेसह आणि मागच्यापुढच्या प्रश्नासह. ‘निकटवर्तीयांच्या मते’ हा पुरावा नव्हे. उलट एखाद्या निकटवर्तीयाने तसं खरोखर सांगितलं असेल, तर तो विश्वासघातच. मेसेजसोबतचा फोटो इमेज सर्चमध्ये (फोटो टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधण्याची सोय) टाका. मूळ फोटोत कधी चौघे असतात, दोघांना कापून टाकलेलं असतं.