रात्रीची खाज: ढेकणाची की खरजेची?

तुळशीचं लग्न आटोपून थंडी पडली की आमच्याकडे दरवर्षी तोच घोळ सुरू होतो. रात्री घरभर खाज सुटते. खरूज असलेल्या घरात बाजेवर फवारा मारला जातो आणि ढेकूण झालेल्या घरात लेकरांच्या अंगाला मलम चोळलं जातं. महिना जातो, पैसे जातात, खाज तिथंच. हे बघून बघून जीव विटला, म्हणून लिहितो आहे.

ढेकूण कसा असतो हे कोणाला सांगायला नको. बाजेचे सांधे, नवारीच्या घड्या, भिंतीच्या भेगा ही त्याची घरं, आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले की तो आहेच. खरजेचा किडा मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

खरा फरक आहे तो मुक्कामाचा. ढेकूण बाजेत राहतो आणि फक्त रक्त प्यायला तुमच्याकडे येतो. खरजेचा किडा तुमच्या कातडीतच बीळ करून राहतो, तिथंच अंडी घालतो आणि अंगावरून उतरला तर दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून ढेकणाचं औषध बाजेला लागतं आणि खरजेचं माणसाला.

ओळखायचं कसं? आधी बोटं फाकवून बघा. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला नाडीच्या जागी, पुरुषांच्या लघवीच्या जागी आणि बायकांच्या स्तनांच्या बोंडांभोवती असते. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर ती सहसा येत नाही; तान्ह्या लेकराच्या मात्र डोक्यावर आणि तळपायांवरही येते. ढेकूण उघडं अंग शोधतो. हिवाळ्यात माणूस दुलईत गुरफटलेला, त्यामुळे फोड बहुतेक मानेवर, तोंडावर, हातांवर दिसतात, कधी तीन-चार एका ओळीत.

दुसरी पारख मुक्काम बदलल्यावर होते. बाई माहेरी गेली आणि तिथं नवे फोड उठणं थांबलं, तर दोष सासरच्या बाजेचा. जुने फोड काही दिवस खाजतील, ते धरू नका. खाज सोबत गेली आणि दोन ते सहा आठवड्यांनी माहेरची माणसंही खाजवू लागली, तर ती खरूज.

इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. खरूज पहिल्यांदा झाली तर लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत दोन ते सहा आठवडे जातात. आश्रमशाळेतलं किंवा वसतिगृहातलं लेकरू दिवाळीला घरी येतं, सगळ्यांसोबत एका गोधडीत झोपतं, परत जातं. घराला खाज सुटते मार्गशीर्षात. तोवर दिवाळी कोणाला आठवत नाही, आणि मधल्या लग्नातल्या बिछायतीच्या गाद्यांवर खापर फुटतं. शिवाय ज्याला अजून खाज नाही त्याच्याही अंगात किडा असू शकतो. म्हणून 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या आजोबांनाही औषध लावायचंच.

ते औषध म्हणजे ५ टक्के परमेथ्रिनचं मलम. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या कडांनाही, आणि तान्ह्या लेकराच्या डोक्यालाही (डोळे-तोंड सोडून) लावायचं, ८ ते १४ तास ठेवून धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कपडे-पांघरुणं कडक पाण्यात धुवा. धुता येत नसतील ती पोत्यात बांधून आठवडाभर ठेवा. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते, तेवढ्यासाठी रोज मलम फासू नका. खाज-नायट्याची स्टेरॉइडवाली ट्यूब तर आणूच नका. तिनं लाली दबते, खरूज ओळखू येईनाशी होते आणि किडा वाढत राहतो.

आता ढेकूण. 'थंडीनं मरतात' हे खोटं आहे. थंडीनं मारायला उणे १८ अंश सलग चार दिवस लागतात. आपल्याकडच्या आठ-दहा अंशांत तो फक्त सुस्तावतो. हिवाळ्यातल्या उन्हालाही दम नसतो. वैशाखात बाज अंगणात टाकली की काम होतं, पण ढेकूण आणि अंडी मरायला जवळपास ५० अंश उष्णता पोचावी लागते. म्हणून चुलीवरचं उकळतं पाणी सांध्यांत आणि नवारीत ओता, पांघरुणं त्याच पाण्यात बुडवा, आणि अंडी फुटत राहतात म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा, नवा ढेकूण दिसेनासा होईपर्यंत. भेगा शेणमातीनं बुजवा, बाज भिंतीपासून लांब ठेवा. बिछायतीची गादी आणली तर शिवणी तपासूनच घरात घ्या.

कपाशीवरचं औषध बाजेवर फवारू नका, धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तीही उघड्या शेतात. आपण थंडीत दारं-खिडक्या लावून झोपतो.

आणि दोन्हींपैकी एकही खूण जुळत नसेल, पण घरात चांगला दर मिळायची वाट बघत कापूस भरून ठेवला असेल, तर आधी अंथरूण त्या खोलीतून हलवा. कापसाच्या गंजीजवळ झोपल्यानंही अंगाला खाज सुटते.