"काय कमी होतं त्याला?" पैसा, प्रसिद्धी आणि सुखाच्या मोजमापाचा इतिहास

एखादा यशस्वी, नावाजलेला माणूस नैराश्याशी झगडतोय अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय कमी होतं त्याला?" घर होतं, गाडी होती, चार लोक ओळखत होते. याच तोंडाने आपण असंही म्हणतो, की गरिबाला अंग टाकल्याबरोबर झोप लागते आणि श्रीमंताला गोळी घ्यावी लागते. पहिल्या वाक्यात पैसा आणि नाव म्हणजे सगळं काही, दुसऱ्यात त्यांना काडीची किंमत नाही. दोन्ही वाक्यं सोयीची आहेत आणि दोन्ही चुकीची.

पैशाने आणि प्रसिद्धीने सुखाची हमी मिळत नाही, हे खरं आहे. पण "हमी नाही" याचा अर्थ "उपयोग नाही" असा लावला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्यांचं घर उसनवारीवर चालतं, त्यांना "पैशात काय ठेवलंय" हे ऐकवायचा कुणालाच अधिकार नाही.

प्रश्न मात्र फार जुना. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतात आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये मालमत्तेची वाटणी करू पाहतात. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली, तर मी अमर होईन का? याज्ञवल्क्य सरळ सांगतात, नाही. साधनसंपन्न लोकांचं आयुष्य असतं तसं तुझं होईल, एवढंच. ग्रीसमध्ये हेरोडोटसने लिडियाचा राजा क्रीसस आणि अथेन्सचा सोलोन यांची भेट रंगवली आहे. खजिना दाखवून क्रीसस विचारतो, जगात सर्वांत सुखी कोण? सोलोन नाव घेतो टेलस नावाच्या एका साध्या अथेन्सकराचं. राजा चिडतो.

मराठीतली परंपरा मला याहून प्रामाणिक वाटते, कारण ती उपाशी पोटाच्या अनुभवातून आलेली आहे. तुकारामांचं घराणं देहूतलं खातंपितं. दुकान होतं, सावकारी होती, महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने ते सगळं धुऊन नेलं. "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली," असं ते स्वतःच सांगतात. द्रव्य गेलं, मान गेला आणि बायको अन्नावाचून गेली, हे तिन्ही एका दमात. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पण याच तुकारामांनी "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें" असंही म्हटलं आहे: चांगल्या मार्गाने कमवा आणि त्यात जीव न अडकवता खर्च करा. कीर्तनाबाहेर आपण पैशाला तुच्छ मानणारे तुकाराम तेवढे लक्षात ठेवतो. भुकेने माणूस गमावलेल्याने पैशाला तुच्छ मानलेलं नाही.

हा प्रश्न उपदेशातून बाहेर पडून आकड्यांत आला तो विसाव्या शतकात. अमेरिकी संशोधक हॅडली कॅन्ट्रिल यांनी डझनाहून जास्त देशांत लोकांना एक शिडी कल्पायला सांगितली. तुम्हाला कल्पना करता येईल असं सर्वांत चांगलं आयुष्य वरच्या, दहाव्या पायरीवर आणि सर्वांत वाईट तळाशी, शून्यावर. आज तुम्ही कुठे उभे आहात? सोबत विचारलं, तुम्हाला काय हवंय? १९६५ साली हे काम प्रसिद्ध झालं. या देशांमध्ये भारतही होता.

त्यातली भारतातली एक मुलाखत विसरता येत नाही. पस्तीस वर्षांचा निरक्षर शेतमजूर, कमाई महिन्याला दहाएक डॉलर, म्हणजे तेव्हाचे पन्नासेक रुपये. त्याला मुलगा हवा होता आणि जमिनीचा तुकडा, कारण तो दुसऱ्याच्या रानात राबत होता. स्वतःचं घर बांधायचं होतं, दुधातुपासाठी एक गाय हवी होती आणि बायकोला जरा बरे कपडे. आणखी एका बाईला घरात नळ हवा होता, जमलं तर वीज. आणि अमेरिकेतला प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ, वय चौतीस: घर सांभाळता येईल एवढं उत्पन्न, नवी गाडी, एक बोट आणि चारही मुलांना खासगी शाळा.

तिघांच्याही मागण्या त्यांच्या त्यांच्या जागी रास्त आहेत. फरक आहे तो मोजपट्टीचा. ती प्रत्येकाला आजूबाजूच्या लोकांकडून मिळते. रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हाच धागा उचलला. १९७४ सालच्या आपल्या निबंधात त्यांनी कॅन्ट्रिल यांच्या या मुलाखती उद्धृत केल्या आणि १९ देशांची आकडेवारी तपासली. एका देशात, एका वेळी पाहिलं तर जास्त कमावणारे स्वतःला जास्त सुखी म्हणवतात. पण १९४६ ते १९७० या काळात अमेरिकेतलं उत्पन्न भरपूर वाढूनही "मी सुखी आहे" म्हणणाऱ्यांचं प्रमाण त्याबरोबर वाढत गेलं नाही. ईस्टरलिन यांचं स्पष्टीकरण असं, की माणूस आपली मिळकत शेजाऱ्याच्या मिळकतीशी ताडून पाहतो, आणि सगळ्यांचीच वाढली तर ताडून पाहण्यात हाती काही लागत नाही. यावर वाद पुढे अनेक वर्षं चालला. २००८ साली बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी जास्त देशांची माहिती घेऊन दाखवलं, की श्रीमंत देशांतले लोक आयुष्याबद्दल खरोखरच जास्त समाधानी असतात. ईस्टरलिन आपल्या मतावर ठाम राहिले.

शेजाऱ्याची गोष्ट मात्र नेदरलँड्समध्ये मजेदार रीतीने पडताळली गेली. तिथल्या पोस्टकोड लॉटरीत तेव्हा दर आठवड्याला एक पिनकोड निघायचा आणि त्या भागातल्या तिकीटधारकांना रोख रक्कम व एक नवीकोरी बीएमडब्ल्यू मिळायची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गाडी जिंकलेल्या बहुतेकांनी ती विकून टाकली. पण ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं अशा, विजेत्याच्या दाराशेजारच्या लोकांचा गाड्यांवरचा खर्च इतरांपेक्षा जास्त निघाला. बक्षीस एका घरात, खर्च दुसऱ्या घरात!

लॉटरीचाच विषय निघाला, तर या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासाकडे यायला हवं. फिलिप ब्रिकमन, डॅन कोट्स आणि रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७८ साली तो प्रसिद्ध केला. इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेले २२ जण, त्याच भागातले सर्वसाधारण २२ जण आणि अपघातात कायमचं अपंगत्व आलेले २९ जण. व्याख्यानांतून आणि फॉरवर्डमधून ऐकू येतं ते असं: वर्षभरात लॉटरीवाले आणि अपघातग्रस्त सारखेच सुखी झाले! मूळ आकडे तसं मुळीच सांगत नाहीत. शून्य ते पाच या मापावर विजेत्यांचं सध्याचं सुख ४.०० होतं, सर्वसाधारण लोकांचं ३.८२ आणि अपघातग्रस्तांचं २.९६. अपघातग्रस्त स्पष्टपणे कमी सुखी होते. फक्त आपण बाहेरून कल्पना करतो तेवढे खचलेले नव्हते.

या अभ्यासातली खरी चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. संशोधकांनी विचारलं, रोजच्या साध्या गोष्टींतून किती आनंद मिळतो: मित्राशी गप्पा, टीव्ही पाहणं, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, मासिक वाचणं. इथे विजेते सर्वांत मागे पडले. त्यांचा आकडा ३.३३, सर्वसाधारण लोकांचा ३.८२, आणि अपघातग्रस्तही ३.४८ वर. एवढं मोठं काही घडून गेल्यावर न्याहारी फिकी पडते, असं लेखकांनी सुचवलं. ब्रिकमन यांनी १९७१ मध्येच डोनाल्ड कॅम्पबेल यांच्याबरोबर "सुखाची ट्रेडमिल" ही कल्पना मांडली होती: माणूस धावत राहतो, पण जागा बदलत नाही. २२ माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढणं धोक्याचंच. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवर एरिक लिंडक्विस्ट, रॉबर्ट ऑस्टलिंग आणि डेव्हिड सेसारिनी यांचा कितीतरी मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. मोठं बक्षीस मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. रोजचा आनंद आणि मानसिक आरोग्य यांवरचा परिणाम मात्र बराच कमी होता. पैसा "माझं बरं चाललंय" असं म्हणायला मदत करतो, आजचा दिवस हसरा करायला तेवढी नाही.

आता प्रसिद्धी. तिचं मोजमाप पैशाहून अवघड, त्यामुळे अभ्यासही थोडे. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की पैसा, नाव आणि दिसणं यांनाच जे सर्वांत वरचं स्थान देतात त्यांच्यात अस्वस्थता आणि उदासी जास्त आढळते. कुणी म्हणेल, मिळालं नाही म्हणून उदास असतील. तेही तपासलं गेलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकतेच पदवीधर झालेले १४७ तरुण निवडले होते. पैसा आणि प्रसिद्धीची उद्दिष्टं ज्यांनी गाठली, त्यांचं सुख त्यामुळे वाढलं नव्हतं. नाती, स्वतःची वाढ आणि समाजासाठी काही करणं ही उद्दिष्टं गाठलेल्यांचं वाढलं होतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या हजारावर लोकप्रिय गायक-वादकांची नोंद तपासली. प्रसिद्धी मिळाल्यानंतरच्या ३ ते २५ वर्षांत त्यांचं मृत्यूचं प्रमाण समवयस्क लोकांच्या १.७ पटीहून जास्त होतं. यात व्यसनांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे या विषयावर भगवानदादा पालव यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. १९५१ च्या 'अलबेला'नंतर जुहूला बंगला, दारात गाड्या. पुढचे चित्रपट पडले, बंगला आणि गाड्या गेल्या आणि दादरच्या चाळीत अखेरची वर्षं गेली. माझ्या मते हे उदाहरण इथे नीट बसत नाही. त्यावरून वैभव टिकत नाही एवढंच कळतं. हातात वैभव असतानाही मन पोखरलं जातं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याला जास्त थेट उत्तर दीपिका पदुकोण यांनी दिलं. २०१३ साली त्यांचे एकामागून एक चित्रपट गाजले. २०१४ च्या सुरुवातीला त्या नैराश्यात होत्या, आणि २०१५ मध्ये त्यांनी ते स्वतः जाहीरपणे सांगितलं, याच कामासाठी संस्थाही काढली. नैराश्य हा आजार आहे आणि तो तिकीटबारीचे आकडे पाहून येत नाही, हे किती घरांत तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं असेल!

पैशाच्या बाजूचा शेवटचा मोठा वाद अगदी अलीकडचा. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून सांगितलं, की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढलं तरी रोजच्या भावनांत सुधारणा होत नाही. आयुष्याबद्दलचं समाधान मात्र वाढत राहतं. वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग उचलला, दुसरा सोडला. (तो आकडा सरळ रुपयांत बदलून "एवढे लाख मिळाले की बस" असं सांगणारे मजकूर आजही फिरतात. तो अमेरिकेतल्या कुटुंबांचा, तिथल्या महागाईतला आकडा आहे.) २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३,३९१ नोकरदारांना दिवसभरात अधूनमधून फोनवर "आत्ता कसं वाटतंय" असं विचारून नेमका उलट निष्कर्ष काढला: ७५,००० च्या पुढेही आलेख चढतच राहतो.

भांडत बसण्याऐवजी कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र काम केलं, मध्यस्थ म्हणून बार्बरा मेलर्स यांना घेतलं आणि २०२३ साली संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. त्यातून कळलं, की २०१० च्या प्रश्नांनी सुखापेक्षा दुःखच जास्त मोजलं होतं. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत जातं, पण फार थोडं: वर्षाला १५,००० डॉलर आणि अडीच लाख डॉलर कमावणाऱ्यांमधला फरक शंभराच्या मापावर पाचेक गुणांचा. उत्पन्न चौपट झाल्याने जेवढा फरक पडतो, तो शनिवार-रविवारच्या सुट्टीने पडणाऱ्या फरकाएवढा आणि डोकेदुखीने पडणाऱ्या फरकाच्या एक-तृतीयांशाहून कमी. आणि सर्वांत कमी सुखी असलेल्या सुमारे १५ टक्के लोकांची कथा निराळी निघाली. उत्पन्न वाढतं तसं त्यांचंही दुःख आधी झपाट्याने कमी होतं, कारण गरिबी खरोखर छळते. एक लाख डॉलरच्या आसपास ही घट थांबते. त्यानंतर उरतं ते मोडलेलं नातं, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा नैराश्य, आणि तिथून पुढे पगार कितीही वाढला तरी त्या दुःखात फरक पडलेला दिसला नाही.