क्रॉसबोची दुर्बीण

क्रॉसबो या आडव्या धनुष्यावर नेम धरण्यासाठी बसवली जाणारी दुर्बीण. अमेरिका व कॅनडात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत ती सर्रास वापरतात. तिथले नियम राज्यागणिक बदलतात. ओरेगॉनमध्ये तर क्रॉसबोने शिकार करायलाच मनाई आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे.

रायफलची दुर्बीण क्रॉसबोवर चढवून भागत नाही, कारण बाण गोळीपेक्षा खूप संथ जातो आणि लवकर खाली येतो. समजा, बाणाचा वेग सेकंदाला ३५० फूट आहे आणि दुर्बीण २० यार्डांवर, म्हणजे सुमारे १८ मीटरवर, जुळवली आहे, म्हणजे तिच्या आतल्या फुलीवर जिथे नेम धरू तिथेच त्या अंतरावर बाण लागतो. तीच फुली ४० यार्डांवरच्या हरणावर धरली, तर बाण जवळपास ९ इंच खाली जातो. हृदय व फुप्फुसांचा भाग जेमतेम ८ ते १० इंचांचा. त्याच्या मध्यावर नेम धरूनही बाण छातीखालून निघून जाईल किंवा पाय मोडेल. म्हणून क्रॉसबोच्या दुर्बिणीत मुख्य फुलीखाली ३०, ४०, ५० यार्डांसाठी वेगळ्या रेघा असतात.

या रेघा प्रत्येक धनुष्याला आपोआप लागू पडत नाहीत. बऱ्याच दुर्बिणींवर वेगाचे आकडे कोरलेली कडी असते. ती फिरवली की प्रतिमा लहान-मोठी होते, रेघांमधली जागा मात्र डोळ्याला तेवढीच दिसते. त्यामुळे प्रत्यक्ष निशाणावर दोन रेघांमध्ये किती इंच मावतात ते बदलते. धनुष्य संथ असेल तर कमी वर्धन, वेगवान असेल तर जास्त. खोक्यावर छापलेल्या वेगावर मात्र विसंबू नये. तो बहुधा हलक्या बाणाने मोजलेला असतो आणि शिकारीचा जड बाण त्याहून हळू जातो.

निवडताना वर्धनापेक्षा उजेडाला महत्त्व द्यावे. हरणे पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात. ३२ मिमी भिंगाची दुर्बीण ४ पट वर्धनावर डोळ्याकडे ८ मिमी रुंदीचा प्रकाशझोत पाठवते. अंधारातही माणसाची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंतच उघडते, तेव्हा याहून मोठे भिंग म्हणजे नुसते ओझे. १.५ ते ५ पट वर्धन पुरते. फुलीला लाल किंवा हिरवा दिवा असेल तर तो अगदी मंद करता आला पाहिजे, नाहीतर त्याच्याच झगमगाटात हरीण हरवते.

जुळवणी २० यार्डांवर, धनुष्य टेकवून करतात. त्याआधी दुर्बीण धनुष्यावर पकडून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू घट्ट आहेत याची खात्री करावी. तीन बाण सोडून नेमापासूनच्या त्यांच्या फरकाची सरासरी धरावी. एका बाणावरून निष्कर्ष काढू नये. तिन्ही बाण एकाच ठिपक्यावर सोडले तर एकमेकांवर आदळून फुटतात, म्हणून तीन सारखे ठिपके काढावेत. नवख्याची फसगत होते ती खटक्यांपाशी, म्हणजे नेम सरकवणारी दुर्बिणीवरची चकती फिरवताना होणाऱ्या टकटकींपाशी. १०० यार्डांवर पाव इंच सरकवणारा खटका २० यार्डांवर इंचाचा विसावा भागच सरकवतो. बाण ३ इंच डावीकडे लागत असेल, तर ६० खटके उजवीकडे द्यावे लागतात.

यानंतर ४० यार्डांवर जाऊन त्या अंतराच्या रेघेने नेम धरावा. बाण खाली लागला तर कडी कमी वेगाच्या आकड्याकडे फिरवावी, वर लागला तर उलट. खटक्यांना इथे हात लावू नये, नाहीतर २० यार्डांची जुळवणी बिघडते. शेवटी शिकारीच्याच पात्यांचे बाण सोडून पाहावेत. स्थिर पाती असलेले बाण सरावाच्या टोकांपेक्षा थोडे वेगळे जाऊ शकतात.

५० यार्डांची रेघ दिसते म्हणून तिथवर बाण सोडणे योग्य नव्हे. ४० यार्ड कापायला ३५० फूट वेगाच्या बाणाला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो, तर प्रत्यंचेचा आवाज हरणापर्यंत एक दशांश सेकंदात पोहोचतो. उरलेल्या वेळात दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलतीकडे लागतो. ही चूक कोणतीही दुर्बीण सुधारू शकत नाही.

प्रत्यंचा बदलली, बाणाचे वजन बदलले किंवा झाडावरच्या मचाणातून धनुष्य खाली पडले, तर जुळवणी २० यार्डांपासून पुन्हा तपासावी लागते.