परराज्यातल्या कंपनीचा खराब माल: तक्रारीपासून खटल्यापर्यंत

पाकिटात बुरशी दिसली की आपण ते आधी कचऱ्यात टाकतो. तसं करू नका, पुरावा त्यातच असतो. कंपनी दुसऱ्या राज्यातली आहे म्हणून गप्पही बसू नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 देशभर एकच आहे. माल जिथे विकला गेला तिथे तक्रार करता येते. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यावी, किंवा एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फूड सेफ्टी कनेक्ट पोर्टलवर नोंदवावी.

सोबत बिल (ऑनलाइन घेतलं असल्यास ऑर्डरचा तपशील) आणि वेष्टनाचे फोटो जोडा. बॅच क्रमांक, तारीख आणि 14 अंकी परवाना क्रमांक त्यात स्पष्ट वाचता आले पाहिजेत. कोणी आजारी पडलं असेल तर डॉक्टरांचे कागदही लावा.

इथे बरेच जण अडकतात: कलम 40 नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून (अन्नाचे नमुने तपासणारा अधिकृत तज्ज्ञ) तपासणी करून घेऊ शकतो, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. उघडलेलं पाकीट नंतर नेलं तर ही अट पुरी होत नाही. म्हणून लवकर तक्रार करणं जास्त उपयोगी. त्याच बॅचचा माल दुकानात शिल्लक असेपर्यंत अन्न सुरक्षा अधिकारी रीतसर नमुना घेऊ शकतात.

नमुन्याचे चार भाग होतात आणि विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याविरुद्ध कंपनीला अपील करता येतं. गुन्हा कैदेच्या शिक्षेचा असेल तर पदनिर्देशित अधिकारी (जिल्ह्यातल्या अन्न सुरक्षेचे प्रमुख) शिफारस करतात आणि खटल्याला मंजुरी अन्न सुरक्षा आयुक्त देतात. फक्त दंडाचं प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे सुनावणी घेऊन दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातं.

आरोपी कोण, हे माल कुठे बिघडला त्यावर ठरतं. मुदत संपलेला किंवा अस्वच्छ जागेत ठेवलेला माल विकला तर विक्रेता जबाबदार, वितरकाने कंपनीच्या सूचना डावलून साठवला तर वितरक. कंपनीवर खटला झाला तर कलम 66 प्रमाणे तिने नेमलेली जबाबदार व्यक्तीही आरोपी होते. अशी नेमणूकच नसेल, तर त्या वेळी कारभार पाहणारे.

खटला गुन्ह्यापासून 1 वर्षात दाखल व्हावा लागतो. आयुक्त लेखी कारण देऊन ही मुदत 3 वर्षांपर्यंत वाढवू शकतात. स्वतःच्या भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे आणि तिथे 2 वर्षांची मुदत असते.